ट्रायलोबाइटचा 'ग्रोथ सेट': दगड एक नंबर, कार्ड बेकार

ऑनलाइन मागवला, दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. अमेरिकेतल्या युटाचे एल्राथिया किंगी जातीचे ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या, केव्हाच नामशेष झालेल्या कवचवाल्या प्राण्यांचे जीवाश्म, छोट्यापासून मोठ्यापर्यंत पाच नग आणि सोबत 'पिल्लू ते प्रौढ' असं कार्ड. माल खरा आहे, त्यात डाऊटच नाही. उलटा करून बघा, पोटाच्या बाजूला कॅल्साइट या खनिजाचा जाड थर दिसतो, त्याच्यामुळेच तर हे सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी युटातल्या व्हीलर शेल या खडकातून असे अख्खेच्या अख्खे सुटून येतात. मोरोक्कोचे म्हणून रेझिनचे काटेरी नग गळ्यात मारतात, त्यापेक्षा हे कधीही बरं.

पण ते कार्ड! सगळ्यात छोटा जेमतेम एक सेंमीचा, त्याला चक्क 'अळी' लिहिलंय. भिंग घेऊन धडाचे सेगमेंट, म्हणजे आडवे तुकडे, मोजले तर 13, मोठ्याचेही 13च. म्हणजे साहेबांच्या धडातली नव्या सेगमेंटची भरती कधीच संपली, ही होलॅस्पिस म्हणजे शेवटची अवस्था, इथून पुढे कात टाकत नुसतं मोठं व्हायचं. खरं पिल्लू म्हणजे प्रोटॅस्पिस, ते बहुतेक वेळा एक मिमीपेक्षाही लहान नि अख्खं एकच कवच, ते असल्या सेटमध्ये कुठून येणार. त्यानंतर मेरॅस्पिस, तेव्हा डोकं नि शेपटीमध्ये सांधा पडतो आणि मग शेपटीच्या मागच्या टोकाला नवे सेगमेंट तयार होत राहतात, पुढचे एकेक करून सुटतात आणि धडात जातात, यार्डातून डबा सुटून गाडीला लागावा तसे.

आणि खरी गंमत ही भरती थांबते कुठे यात आहे, तेच कार्डावर नाही. अ‍ॅग्नॉस्टिड नावाच्या चिमुकल्या गटाचं धड दोनच सेगमेंटचं. फॅकॉप्स या ट्रायलोबाइटच्या घराण्यात 11 म्हणजे 11. बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ऑलाकोप्ल्युरा या ट्रायलोबाइटमध्ये मात्र एकाच जातीत कुणाला 18 तर कुणाला 22, आणि तो तर कॅम्ब्रियन, म्हणजे आपल्या एल्राथियाचा काळ, संपल्यावर कितीतरी नंतरचा, सिल्युरियन काळातला. एरवी असली ढिलाई कॅम्ब्रियनमध्ये जास्त, पुढच्या बऱ्याच घराण्यांत आकडा पक्का होत गेला. वाढीचं टायमिंग थोडं मागेपुढे झालं की प्रौढाचं रूपच बदलतं, उत्क्रांतीला एवढं कच्चं सामान पुरतं. जीवाश्मांचा अभ्यासक बारांद याने प्रागजवळच्या साओ हिर्सुटा या ट्रायलोबाइटची पिल्लापासूनची वाढ 1852 मध्येच छापली होती, कार्डवाल्यांना दोन ओळी लिहायला काय जड होतं?

पाचातला एक एल्राथिया कमी करून एखादा साधा फॅकॉप्स टाकला असता तर सेटला अर्थ आला असता. शाळेसाठी घेताय तर घ्या, पण कार्ड फेकून द्या आणि पोरांच्या हातात भिंग द्या, सेगमेंट त्यांनाच मोजू देत. साडेतीन स्टार, सगळे दगडाचे.