नंबर घासलेला आयसी आणि विकतचा पिनआउट

नंबर घासलेल्या आयसीचा (चिपचा) पिनआउट, म्हणजे कोणती पिन कशाची याचा तक्ता, काढून देतो म्हणणाऱ्यांपासून जरा जपून. अशाच एकाला मी काम दिलं, ॲडव्हान्स दिला, आणि हातात पडला तो घरबसल्या रचलेला तक्ता.

एका जुन्या मशीनच्या कंट्रोल कार्डवर २० पिनांचे दोन सारखे आयसी होते, दोन्हींचे नंबर घासलेले. एक काढून त्याच्याकडे पाठवला. आयसी फोडायचा, आतल्या डायचे (सिलिकॉनच्या तुकड्याचे) मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे आणि इनपुट-आउटपुट ओळखून द्यायचे, असं ठरलं. पद्धत खरी आहे. डायवर पिनेची तार जिथे जोडतात तो पॅड; आउटपुटच्या पॅडला लागून भलेमोठे ट्रान्झिस्टर दिसतात, कारण बाहेरचा लोड त्यांनाच पेलायचा असतो. इनपुटच्या पॅडजवळ संरक्षणाचे डायोड आणि आत जाणारी बारीक रेघ. माणूस हे सगळं घडाघडा बोलत होता.

तक्ता मात्र देखणा! रंगीत, आणि प्रत्येक पिनसमोर 'खात्री ९८%', अगदी ग्राउंडसमोरसुद्धा. १ ते ९ सगळ्या इनपुट, ११ ते १९ सगळ्या आउटपुट, १० ग्राउंड, २० सप्लाय. इथेच पाल चुकचुकली. कार्डवर १३ नंबरची पिन सरळ लिमिट स्विचकडे (मशीनचा भाग टोकाला पोचला की दबणाऱ्या स्विचकडे) जाते, सोबत पिन सप्लायकडे ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर. स्विच जिला सिग्नल देतो ती पिन आउटपुट कशी असेल?

मग फोटो मोठा करून पाहिला. डायवर बरेचदा साल कोरलेलं असतं. या डायच्या कोपऱ्यात १९९४ होतं. कार्डवरच्या बाकी आयसींवर छापलेले डेट कोड (कधी बनवला त्याचे आकडे) मात्र ८९ ने सुरू होणारे, म्हणजे १९८९ चे. फोटो भलत्याच आयसीचा. पाठवलेला आयसी परत मागितला तर म्हणे 'टेस्टिंगमध्ये गेला'. कोणत्या पिनवर काय रीडिंग आलं, असं विचारलं तर 'ते ट्रेड सिक्रेट'. त्यानंतर फोन बंद. ॲडव्हान्स बुडाला.

तुम्हाला असं काम द्यायचंच असेल, तर कार्डवरून नक्की कळलेल्या एक-दोन पिना त्याला सांगू नका. तक्ता आला की आधी त्याच तपासा. आणि प्रत्येक पिनचं रीडिंग लेखी मागा.

दुसरा आयसी शेवटी मीच ब्रेडबोर्डवर बसवला. ५ व्होल्ट सप्लाय, बाकी सगळ्या पिना १० किलोओहममधून ग्राउंडला. मग एकेका पिनचा रेझिस्टर उचलून सप्लायला लावायचा आणि मीटर बघायचा. सीमॉस (इनपुटला जवळजवळ करंट न घेणाऱ्या) आयसीची इनपुट पिन निमूटपणे रेझिस्टरच्या मागे जाते, आउटपुट जागची हलत नाही. २, ५, ६, ९, १२, १५, १६, १९ या आठ पिना हलल्या नाहीत. १ नंबर सप्लायला नेला की याच आठही सैल सुटतात. म्हणजे तो आउटपुट एनेबल, आउटपुट चालू-बंद करणारी पिन. तो चुकून वर राहिला असता तर सगळा आयसी इनपुटचाच वाटला असता.

राहिला प्रश्न ११ नंबरचा. तो खालून वर जाताना इनपुटवरचा डेटा आउटपुटला येतो. वर धरून ठेवून इनपुट कितीही बदला, आउटपुट ढिम्म. याच पिनांचा जुळा आयसी ७४एचसी३७३ असता तर ११ वर असताना आउटपुट लगेच बदललं असतं. म्हणून नवा ७४एचसी३७४ आणून बसवला, कार्ड चालू झालं.