मालदीव: रिसॉर्टचं बेट की गावातलं गेस्टहाउस?

मालदीवमध्ये १९७२ साली पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' हा शिरस्ताच पडला. पर्यटक निर्जन बेटावर, गावकरी आपल्या गावात. गावाला उपद्रव नाही, पण पैसाही लांबूनच दिसतो. पोरं मात्र नोकरीपायी महिनोन्‌महिने घराबाहेर.

२००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं वाढली. माफुशी या अशाच एका बेटावर आता घरमालक, बोटवाला यांच्या हातात थेट पैसा खेळतो. पण जागा केवढीशी! त्यात गर्दी, कचरा, आणि पाणी समुद्राचंच गोडं करून पुरवायचं. बिकिनीवाल्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा आखून द्यावा लागतो, कारण पलीकडे गावचा रोजचा वावर. (दारूबंदी आहेच.)

मला तरी गेस्टहाउसच बरं वाटतं, फक्त खोल्या किती हे गावानं ठरवावं.