'रेकिंग बॉल' की 'तेआत्रो'? डॅनियल लान्वा यांचे दोन कंट्री अल्बम

कॅनडाचे संगीत निर्माते डॅनियल लान्वा यांनी तीन वर्षांच्या अंतराने कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण परंपरेतून आलेल्या लोकप्रिय संगीतातील, दोन बुजुर्ग गायकांचे अल्बम घडवले : एमिलू हॅरिस यांचा 'रेकिंग बॉल' (१९९५) आणि विली नेल्सन यांचा 'तेआत्रो' (१९९८). दोन्हींवर लान्वा यांची छाप आहे, दोन्हींत हॅरिस यांचा आवाज आहे आणि वातावरणनिर्मितीसाठी दोन्हींचे नाव एकाच दमात घेतले जाते. त्यामुळे ज्याला यांपैकी एकच विकत घ्यायचा आहे किंवा आधी कोणता ऐकावा हे ठरवायचे आहे, त्याला कोणताही घेतला तरी फारसे बिघडत नाही असे वाटणे साहजिक आहे. माझ्या मते बिघडते. पहिल्या अल्बममध्ये गायिका निर्मात्याच्या ध्वनीत उतरते आणि बदलून बाहेर येते; दुसऱ्यात गायक जागचा हलत नाही आणि निर्मात्यालाच त्याच्याभोवती फिरावे लागते.

येथे निर्माता म्हणजे पैसे घालणारा नव्हे. ध्वनिमुद्रण कोठे करायचे, वादक कोण असावेत, माइक कोठे ठेवायचा, गायकाचा आवाज किती जवळून आणि वाद्ये किती दुरून ऐकू यावीत, हे सारे तो ठरवतो. लान्वा यांचे नाव झाले ते रॉक संगीतात : निर्माते ब्रायन ईनो यांच्या जोडीने यू-टू या आयरिश रॉक बँडचा 'द जोशुआ ट्री' (१९८७), पीटर गेब्रिएल यांचा 'सो' (१९८६), पुढे बॉब डिलन यांचा 'ओ मर्सी' (१९८९). कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या ध्वनिमुद्रणाची शिस्त अशी, की गायकाचा आवाज सर्वांत पुढे, शब्द स्वच्छ आणि वाद्ये आपापल्या जागी नीटनेटकी. लान्वा ही मांडणी मोडतात. त्यांच्याकडे गिटारचा स्वर संपल्यावरही त्याचा घुमारा मागे रेंगाळत राहतो आणि पुढचा स्वर त्या घुमाऱ्यातूनच वर येतो.

'रेकिंग बॉल' आला तेव्हा हॅरिस ४८ वर्षांच्या होत्या. १९७५ पासून त्या कंट्रीतील मोठे नाव होत्या, परंतु नव्वदच्या दशकातील कंट्री रेडिओला तरुण चेहरे हवे होते आणि १९९३ चा त्यांचा 'काउगर्ल्स प्रेअर' चांगला असूनही बाजारात फारसा चालला नाही. रेडिओकडून अपेक्षाच उरली नसेल तर त्याची मर्जी राखण्याचेही कारण उरत नाही, आणि त्या मोकळेपणाचा पुरेपूर उपयोग या अल्बममध्ये झाला. ध्वनिमुद्रण नॅशव्हिल आणि न्यू ऑर्लिन्स येथे झाले. ड्रमवर बहुतांश यू-टूचे लॅरी मलन होते. हॅरिस यांच्या जुन्या अल्बममधला आवाज काचेसारखा नितळ आहे. येथे तो कुजबुजीपर्यंत खाली येतो, वरच्या स्वरांवर किंचित फाटतो, श्वास ऐकू येतो, आणि हे सारे पुसून न टाकता तसेच ठेवले आहे. हा आवाज वाद्यांच्या वर बसलेला नाही, तानपुऱ्याच्या झंकारात मिसळलेल्या स्वरासारखा तो आत मुरलेला आहे.

गाण्यांची निवड हे या अल्बमचे दुसरे बळ, आणि मला तर तेच पहिले वाटते. बारा गाण्यांपैकी बहुतेक इतरांची आहेत. शीर्षकगीत नील यंग यांचे असून सहगायनही त्यांचेच आहे. 'स्वीट ओल्ड वर्ल्ड' हे आत्महत्या केलेल्या माणसाला उद्देशून लिहिलेले ल्युसिंडा विल्यम्स यांचे गाणे आहे आणि त्यात गिटार स्वतः विल्यम्स यांनी वाजवली आहे. 'गुडबाय' स्टीव्ह अर्ल यांचे आहे. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचे एक गाणे कंट्री गायिकेच्या अल्बममध्ये शोभेल असे कागदावर कोणालाही वाटले नसते, पण येथे ते शोभते. 'ऑर्फन गर्ल' लिहिणाऱ्या गिलियन वेल्च यांचा स्वतःचा पहिला अल्बम तोवर आलेलाही नव्हता. तो १९९६ मध्ये आला. आपल्यापेक्षा लहान आणि अनोळखी गीतकारांमधून नेमके हेरण्याची हॅरिस यांची नजर हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. या अल्बमला समकालीन लोकसंगीताच्या विभागात ग्रॅमी मिळाले, कंट्रीच्या विभागात नव्हे, यावरूनच तो किती दूर सरकला होता हे कळते.

त्याची उणीवही याच गुणातून येते. धुके सुंदर आहे, पण ते बाराही गाण्यांवर पसरलेले आहे. ढोलाच्या ठोक्यावर उभे राहिलेले 'डीपर वेल' सोडले तर चाल क्वचितच वेग घेते, आणि शब्द काही ठिकाणी घुमाऱ्यात बुडतात. ज्यांना इंग्रजी गाण्याचे बोल ऐकतानाच समजायला हवे असतात, त्यांनी पहिल्या वेळी शब्द समोर ठेवलेले बरे.

'तेआत्रो'मध्ये ही अडचण येत नाही. विली नेल्सन यांचा कोरडा, किंचित नाकातला आवाज कानाशी बसून बोलल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड गावच्या एका जुन्या चित्रपटगृहाचा लान्वा यांनी स्टुडिओ केला होता. ध्वनिमुद्रण तेथे झाले आणि अल्बमला नावही त्यावरूनच मिळाले ('तेआत्रो' म्हणजे स्पॅनिशमध्ये नाट्यगृह). नेल्सन तेव्हा ६५ वर्षांचे होते. त्यांच्या १९९६ च्या 'स्पिरिट' या अल्बममध्ये ड्रम अजिबात नव्हते. येथे मात्र दोन ड्रमवादक एकाच वेळी वाजवतात आणि ताल क्यूबा-मेक्सिकोकडे झुकतो. बहीण बॉबी नेल्सन इलेक्ट्रिक पियानोवर आणि मिकी राफेल हार्मोनिकावर, हे नेल्सन यांचे घरचेच लोक. जोडीला जॅझ पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊ आहेत. या सगळ्या गजरात नेल्सन आपली जुनी नायलॉन तारांची गिटार घेऊन, तालाच्या किंचित पुढे नाही तर किंचित मागे, स्वतःच्याच हिशेबाने गात राहतात. ताल एकीकडे ओढतो, गायक दुसरीकडे, आणि तरी दोघे समेवर भेटतात. 'आय नेव्हर केअर्ड फॉर यू' ऐकताना हा खेळ सर्वांत चांगला कळतो.

गाणी बहुतेक नेल्सन यांचीच असून त्यांतली बरीच १९६० च्या दशकातली आहेत. ती आखूड, सोपी आणि चांगलीच काळोखी आहेत : एका गाण्यातील प्रियकर तर शांतपणे बोलत बोलत प्रेयसीचा गळा दाबतो. ज्यांना असे विषय नकोत त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. हॅरिस येथे सहगायिका आहेत, आणि दर वेळी ओळ वेगळी तोडणाऱ्या गायकाच्या मागोमाग जाण्याचे अवघड काम त्या फार डौलाने करतात. नव्या गीतलेखनाच्या शोधात आलेल्याला मात्र 'तेआत्रो' हात देत नाही, आणि उत्तरार्धात दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात.

ज्याने कंट्री जवळजवळ ऐकलेलेच नाही आणि ज्याला रॉकचा किंवा संथ, घुमणाऱ्या संगीताचा सराव आहे, त्याने निःशंकपणे 'रेकिंग बॉल' घ्यावा. त्यातून पाच-सहा गीतकारांकडे जाणाऱ्या वाटाही उघडतात. ज्याला नेल्सन यांचे 'रेड हेडेड स्ट्रेंजर' किंवा 'स्टारडस्ट' हे जुने अल्बम आधीपासून आवडतात, त्याच्यासाठी 'तेआत्रो' अधिक मोलाचा, कारण ओळखीचा माणूस अनोळखी खोलीत कसा वागतो हे पाहण्याची मजा त्यात आहे. घुमारा फार झाला की ज्याचे कान किटतात, त्यानेही 'तेआत्रो'कडेच वळावे. मला एकच ठेवायचा असेल तर मी 'रेकिंग बॉल' ठेवीन, तो केवळ गाण्यांच्या निवडीसाठी.

ऐकण्याच्या साधनाचाही विचार करावा. 'रेकिंग बॉल' हेडफोनवर खुलतो. 'तेआत्रो'चे खालच्या पट्टीतील ढोल मोबाइलच्या स्पीकरवर निव्वळ टकटक होऊन बसतात, त्याला बऱ्यापैकी मोठे स्पीकर हवेत. 'रेकिंग बॉल'ची २०१४ ची वाढीव आवृत्ती कच्च्या मुद्रणांसह आणि माहितीपटासह येते. ती चाहत्यांसाठी ठीक आहे, नवख्याला मूळ बारा गाणी पुरतात. 'तेआत्रो'च्या बाबतीत मात्र जर्मन चित्रपट दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी त्याच चित्रपटगृहात चित्रित केलेला कार्यक्रम मिळाल्यास जरूर पाहावा, कारण दोन ड्रमवादकांची विभागणी नुसत्या कानांना चटकन उलगडत नाही.

तरीही निर्णय होत नसेल तर लान्वा यांचे 'द मेकर' हे गाणे दोघांच्या आवाजात पाठोपाठ ऐकावे. नेल्सन यांनी ते 'तेआत्रो'मध्ये गायले आहे; हॅरिस यांचे रूप 'रेकिंग बॉल'मध्ये नसून त्या अल्बमनंतरच्या दौऱ्यातून निघालेल्या 'स्पायबॉय' (१९९८) या मैफलीच्या मुद्रणात आहे. नेल्सन ते आपल्याशीच बोलल्यासारखे, विशेष काही न करता गातात. हॅरिस त्यात प्रार्थनेची आर्तता आणतात आणि डॅरिल जॉन्सन यांची बेस गिटार ते गाणे बरेच लांबवर नेते. दोहोंपैकी जे रूप लगेच पुन्हा लावावेसे वाटेल, त्या गायकाचा अल्बम आधी घ्यावा.