दोन वेळचं जेवण टिकलं, कच्चं अर्धंच टिकलं

गेल्या दिवाळीचा फराळ संपला तेव्हापासून मी दिवसातून दोनदाच जेवते: सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेसहा-सातला. मध्ये उन्हाळ्यात महिना-दीड महिना पूर्ण कच्च्या आहारावरही होते. आता श्रावण संपत आलाय. ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. दोन वेळचं जेवण मी सोडणार नाही. शंभर टक्के कच्चं पुन्हा करणार नाही. घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

माझी आधीची अवस्था अशी: वय सत्तेचाळीस, सांगलीत पतसंस्थेत बैठं काम, वजन ७४ किलो आणि एचबीए१सी ६.२. ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ झालं की आत. माझी आई मधुमेही होती, त्यामुळे उंबरठा ओलांडल्यावर काय असतं ते मला पाहून ठाऊक आहे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. आधी खाणं आणि चालणं सुधारा, मग बघू, म्हणाले.

दोनदाच जेवायचं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवली. एकेक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, हा नियम आता लग्नाच्या पंगतीतही चेष्टेचा विषय असतो. मी ती मिनिटं मोजत बसले नाही. दोन जेवणं, मध्ये काही नाही आणि रात्रीचं जेवण लवकर, एवढंच धरलं.

सगळ्यात जड गेला तो चहा. भूक नव्हे, चहा! आमच्याकडे साडेअकराला आणि साडेतीनला टपरीवरचा पोरगा किटली घेऊन येतो आणि न विचारता टेबलावर कप ठेवून जातो. त्या कपावर साय धरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं आणि मग शेजारच्या टेबलाकडे सरकवायचा. पहिला आठवडा कपाळ ठणकत होतं. ते उपासामुळे नव्हे, चहा तुटल्यामुळे. मग बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, त्यात लिंबाचे दोन थेंब, असं सुरू केलं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं होतं, आता सवय झाली.

दुसरी गोष्ट भडंग. सांगलीकराच्या ड्रॉवरमध्ये भडंगाचा डबा नसेल तर तो सांगलीकर कसला. फाईल उघडताना एक बकाणा, मिटताना एक बकाणा. हे खाणं मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. दोन जेवणांचा नियम आला आणि डबा आपोआप घरी गेला. माझं अर्धं काम तिथेच झालं असं मला वाटतं.

असं वाटायला आधारही आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथला एक अभ्यास छापून आला. लठ्ठपणा असलेली १३९ माणसं, पूर्ण एक वर्ष. खाण्यातले उष्मांक दोन्ही गटांचे कमी केले, फक्त एका गटानं सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. पण माझ्यासारखीला, जी उष्मांक मोजायला बसली तर तिसऱ्या दिवशी वही हरवते, 'सातनंतर काही नाही' हा नियम पाळायला फार सोपा जातो.

आणखी एक शब्द हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतो: ऑटोफॅजी. सोळा तास उपाशी राहिलं की पेशी आतला कचरा साफ करतात म्हणे. योशिनोरी ओसुमी यांना यावर २०१६ चं नोबेल मिळालं हे खरंच आहे, पण त्यांचं ते मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं. माझ्या पेशींनी कितव्या तासाला झाडू हातात घेतला हे सांगणारं यंत्र सांगलीच्या कुठल्या लॅबमध्ये नाही. त्यामुळे 'आत काहीतरी स्वच्छ होतंय असं जाणवतं' वगैरे मी लिहिणार नाही.

जाणवलं ते सांगते. झोप सुधारली, पहाटेची जळजळ गेली. पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा दोन किलो खाली आला आणि मी हवेत होते. ते बहुतेक पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, वापरला जातो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. नंतर काटा गोगलगायीच्या चालीनं उतरला. आज ६७ आहे आणि एचबीए१सी ५.८. रोजचं पाऊण तास चालणंही याच काळात सुरू झालं, त्यामुळे श्रेय कुणाला किती याची वाटणी करता येत नाही. वाईट म्हणाल तर बद्धकोष्ठ झालं, पाणी वाढवल्यावर सुटलं. काही दिवस भयंकर चिडचिड झाली, त्याची साक्ष घरचे देतील.

घरचे म्हणजे मुख्यतः सासूबाई. मोबाइलवर तास मोजणारं ॲप बघून त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या आत्याबाई अख्खा चातुर्मास धारणं-पारणं करायच्या. एक दिवस उपास, एक दिवस जेवण. त्यांना कुणी घंटा वाजवून सांगत नव्हतं." यावर मी काय बोलणार? शेजारच्या जैन काकू तर आयुष्यभर दिवस मावळायच्या आत जेवतात, प्यायचं पाणी उकळून घेतात. त्यांना माझ्या साडेसहाच्या जेवणाचं काडीचंही कौतुक नाही. उलट आपल्या एकादशीच्या साबुदाण्याकडे नव्यानं पाहायला लागले. कोरड्या शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, तेही जवळजवळ सगळे पिठूळ. वर दाण्याचा कूट, बटाटा, तूप. दुप्पट खाशी हे काही उगाच म्हणत नाहीत. आता एकादशीला मी दह्यातली काकडी, शेंगदाणे आणि एखादं फळ एवढ्यावर भागवते.

आता कच्च्याकडे येते. चैत्रात सुरू केलं, कारण काकडी, कलिंगड, कैरी सगळं मुबलक आणि ओट्यापाशी उभं राहायचा कंटाळा. सकाळी मोडाची मटकी, भिजवलेले शेंगदाणे, काकडी, गाजर, ओलं खोबरं, लिंबू. संध्याकाळी फळं, खजूर, बीट-कोबीचा कीस. दूध-दही मात्र तापवलेल्या दुधाचंच. अट्टल कच्चेवाले धारोष्ण दूध पितात, पण न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा ताप येऊ शकतो, तिथे मी तडजोड केली नाही.

पहिले आठ-दहा दिवस हलकं वाटलं, अगदी झकास. मग चावून चावून जबडा दुखायला लागला. वाडगाभर कोबी आणि मटकी नीट चावायची तर पाऊण तास जातो. दहाचं जेवण साडेनऊला सुरू केलं तरी ऑफिसला धावतपळत. पोटात गुरगुर इतकी की मीटिंगमध्ये मी मुद्दाम फायली आपटायचे. आणि तासाभरात पुन्हा भूक.

मोडांचं जरा तपशिलात सांगते, कारण सगळ्यांचा भर त्यावरच असतो. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधायची. थंडीत मोड यायला दीड दिवस लागतो, एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे. पण त्याच संध्याकाळी गाठोडं सोडलं की आंबूस वास येतो आणि बोटाला बुळबुळीत लागतं. जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही लागते. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि तपास पोचला तो मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत. हे वाचल्यापासून मी मोडांना पाच-सात मिनिटं वाफ देते. कुरकुरीतपणा थोडा जातो, पण पोटाची गुरगुरही जाते. राजमा तर कच्चा तोंडातही घालू नका. त्यातलं विष नीट उकळल्यावरच जातं.

माझं मत फिरलं ते साखर मोजायच्या यंत्रामुळे. ह्यांचं यंत्र घरात होतंच. आंब्याच्या फोडी, एक केळं आणि खजूर असं 'शुद्ध कच्चं' खाल्ल्यावर दोन तासांनी साखर १७८. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कोशिंबीर खाल्ल्यावर १३८. माझ्या शरीराचा हा कौल, तुमचा वेगळा असेल. पण साखर ही साखरच, ती चुलीवर चढली की नाही हे रक्ताला कळत नाही.

सगळं कच्चंच चांगलं हेही खरं नाही. शिजवल्यानं क जीवनसत्त्व घटतं, पण टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं कॅरोटिन शिजवून, थोड्या तेलातुपाबरोबर जास्त चांगलं अंगी लागतं. पालकाचा कच्चा रस रोज प्यायला तर ऑक्झलेट वाढून मुतखड्याला आमंत्रण. बी-१२ तर पालेभाजीत नाहीच, कच्च्या नाही, शिजवलेल्याही नाही. माझं कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत.

गांधीजींनीही १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि 'यंग इंडिया'त त्याबद्दल लिहिलंही होतं. आमांश झाला आणि त्यांनाही तो थांबवावा लागला. त्यांच्यासारख्या हट्टी माणसाला जे झेपलं नाही ते मी महिनाभर रेटलं, एवढ्यावर मी समाधानी आहे.

मग उरलं काय? ताटाची डावी बाजू. पूर्वी चमचाभर कोशिंबीर म्हणजे नैवेद्यापुरती, आता वाडगाभर, आणि आधी ती संपवायची, मग भाकरी. मुळा, गाजर, काकडी, कोबीची पचडी, मुळ्याचा चटका. थंडीत मेथीचा घोळाणा: कोवळी मेथी धुऊन पूर्ण निथळायची, बारीक चिरायची, कांदा, दाण्याचा कूट, तिखट आणि वरून कच्चं शेंगतेल. मीठ पानावर बसताना, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. आणि चैत्रगौरीची आंब्याची डाळ! हरभऱ्याची डाळ भिजवून कच्चीच जाडसर वाटलेली, कैरीचा कीस, वर हिंगाची फोडणी. माझे कच्च्याचे प्रयोग चालू होते तेव्हाच घरी हळदीकुंकू होतं. वाट्या भरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "घे, तुझ्या पंथाचं आहे." दुसरी वाटीही त्यांनीच दिली.

आता जरा गंभीर. माझं बघून ह्यांनीही दोन जेवणं सुरू केली. ह्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे. ती गोळी पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणते. एका संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथर, यंत्रात ५८. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांत सावरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली आणि मगच पुढे चालू ठेवायला सांगितलं. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या असतील तर आधी डॉक्टर, मग उपास, यात मध्यममार्ग नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढत्या वयाच्या मुली यांनीही या वाटेला जाऊ नये. माझी मुलगी अकरावीत आहे, 'मी पण' म्हणाली, मी साफ नाही म्हटलं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना कच्च्या भाज्या-फळांतलं पोटॅशियम जड जातं. त्यांना भाज्या उकळून पाणी टाकायला सांगतात ते उगाच नाही.

दुधीच्या रसाचंही सांगते, कारण आमच्या चालायच्या ग्रुपमध्ये त्याची फार क्रेझ आहे. दुधी कडू निघाला तर एक घोटही नको. त्यातल्या कुकरबिटासिन या कडू विषामुळे माणसं दगावली आहेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनीही कडू रस पिऊ नका असंच सांगितलंय. चकती कापून जिभेला लावून बघायची, कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात. साखर-मध घालून कडूपणा झाकायचा नाही.

धुण्याबद्दल खूप जणी विचारतात. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की काम झालं असं नाही. जमिनीलगतच्या भाजीवर फीतकृमीची अंडी असू शकतात, ती मेंदूपर्यंत गेली तर फिट्स येतात. वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुवायचं, सालं काढता येतील त्यांची काढायची, कोबीची वरची पानं टाकायची. वेळ लागतो. गॅस वाचतो तो सगळा पाण्यात आणि वेळेत जातो, शिवाय फळं आणि सुकामेवा घेताना पाकीट चांगलंच हलकं होतं.

पावसाळ्यात मी बाहेरची कोशिंबीर आणि कापलेली फळं बंद ठेवते. कच्ची पालेभाजी घरातही नाही. चातुर्मासात पालेभाज्या सोडणारी घरं आमच्या गल्लीत अजून आहेत, त्यांचं यंदा मला पटलं. सध्या काकडी आणि गाजरावर चाललंय. घोळाणा दिवाळीनंतरच, मेथीही तेव्हाच कोवळी मिळते.