पट्टा सोडला, व्यायाम धरला: कंबरदुखीवरच्या उपचाराचा दिवाळीपासूनचा अनुभव

आधी निकाल सांगतो. कंबर शंभर टक्के बरी झालेली नाही. पण दिवाळीत बुटाची नाडी बांधायला पोराला हाक मारावी लागत होती, आणि आता २० किलोचं कास्टिंग (धातूचा ओतीव भाग) पॅलेटवरून उचलून लेथच्या चकात, म्हणजे तो पकडून फिरवणाऱ्या पकडीत, मीच धरतो. गोळी महिन्यातून कधीतरी. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला तेही पुढे येईल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, हाताखाली दोन पोरं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोअरिंग (बाहेरून-आतून कातकाम) करून देतो. वय ४८. दिवसभर उभं राहायचं, चकावर वाकायचं आणि टेम्पो आला की जॉब, म्हणजे कातायला आलेली ही कास्टिंगं, उतरवून घ्यायचे. या लाइनीत कंबर न दुखणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. माझी गेल्या पावसाळ्यात एकदा धरली ती सोडेचना.

सुरुवातीला उसण भरली म्हणून तेल चोळून घेतलं. आईनं गल्लीतला एक पायाळू पोरगा शोधून आणला, त्यानं बिचाऱ्यानं लाजत लाजत कमरेला पाय लावला. हसू नका, तुमच्याही घरी हे झालेलं असणार. मग डॉक्टर, मग एमआरआय, मग एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून पॅकेज. झोपवून कमरेला वजन लावायचं, करंटचा शेक द्यायचा आणि निघताना हातात पट्टा. शेक घेतल्यावर दोन तास छान वाटायचं, घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. पट्टा लावला की धीर यायचा, काढला की भीती वाटायची. तिथं मला कुणी वाईट वागवलं असं नाही. पण रोज त्याच पलंगावर तेच, आणि माझ्या आधीच्या म्हातारबांना व नंतरच्या कॉलेजच्या पोरीलाही तेच. मी काय काम करतो हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नाही. एमआरआयमध्ये मात्र कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आल्याचं लिहिलेलं होतं, त्यामुळे जो तो सांगायचा: मणक्यात गॅप आहे, वाकू नका, वजन उचलू नका, धंदा पोराच्या हातात द्या.

दिवाळीनंतर भाच्यानं राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेलं. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल.

पहिल्या भेटीत त्यांनी एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं. आधी प्रश्न. कळ गुडघ्याच्या खाली जाते का? मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिर वाटतं का? लघवी-संडासवर ताबा आहे ना? ताप, वजन उतरणं, पूर्वी कधी कॅन्सर? मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, अंगठा वर दाबून धरायला लावला, गुडघ्यावर हातोडी. यातलं काही गंभीर निघालं असतं तर व्यायाम राहिला बाजूला, थेट सर्जनकडे पाठवणार होत्या. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा पाय दिवसेंदिवस लुळा पडत असेल किंवा लघवीचं भान जात असेल, तर हा अनुभव वाचत बसू नका, आजच्या आज हॉस्पिटल गाठा.

हे सगळं झाल्यावर विचारलं, "काका, तुमच्या मते कमरेला झालंय काय?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी माझ्या भाषेत सांगितलं की बेअरिंग झिजलंय, ग्रीस संपलंय, आता जेवढं कमी फिरवू तेवढं टिकेल. त्या म्हणाल्या, बेअरिंग लोडनं झिजतं आणि परत भरून येत नाही. हाड आणि स्नायू जिवंत आहेत, त्यांना बेतानं लोड दिला तर ते जाड होतात आणि लोड काढून घेतला तर वाळतात. आणि मग पाकीट उघडलं. कंबर न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली छापून आलाय. त्यात चाळिशीच्या माणसांत ५० टक्क्यांची गादी बाहेर आलेली दिसली आणि ६८ टक्क्यांत झीज. दुखत काहीच नाही. म्हणजे माझ्या रिपोर्टातलं खोटं नव्हतं, पण माझ्या दुखण्याचा सगळा दोष त्याच्यावर टाकायचंही कारण नव्हतं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. व्यायाम अजून एकही सुरू झाला नव्हता.

दुसरा प्रश्न होता, "काय करता आलं तर म्हणाल, मी बरा झालो?" मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जॉब मला स्वतःला चकात धरता आला पाहिजे. दोन, गावाकडच्या म्हाईला, म्हणजे देवीच्या जत्रेच्या जेवणाला, पंगतीत मांडी घालून शेवटच्या वाढपापर्यंत बसता आलं पाहिजे. त्यांनी दोन्ही वहीत लिहून घेतल्या, आणि पुढचा सगळा व्यायाम त्या दोन ओळींवरून ठरला. पहिला तारा मी याच गोष्टीला देतो.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन उजवा हात पुढं, डावा पाय मागं, मग उलट. कुशीवर कोपर टेकून कंबर उचलून धरणं, सुरुवातीला गुडघे दुमडून. पाठीखाली हात ठेवून डोकं-खांदे बोटभर उचलणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल म्हणून पाठीच्या यंत्रशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांची ही तिकडी जगभर वापरतात. घरात बायको म्हणाली, एवढ्यासाठी पैसे? गल्लीतल्या तालमीचे वस्ताद म्हणाले, बैठका मार, कंबर आपोआप सुटते. कोल्हापुरात व्यायाम म्हटला की लाल माती, दूध-बदाम आणि घाम. हात-पाय उचलून दहा सेकंद थांबण्याला इथं व्यायाम म्हणत नाहीत. मी मॅडमना वस्तादांचं म्हणणं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "निम्मं बरोबर आहे त्यांचं." आणि स्टुलावरून हात न टेकता उठणं-बसणं सुरू केलं, जे फाल्गुनापर्यंत अर्ध्या बैठकांवर आलं. वस्ताद आता श्रेय घेतात, घेऊ देत.

खरी गंमत वजन उचलण्यात आली. मॅडम म्हणाल्या, शॉपमध्ये उचलताना मोबाइलवर शूटिंग करून आणा. पोरानं केलं. क्लिपमध्ये दिसलं की पॅलेट जमिनीवर, मी गुडघे ताठ ठेवून वाकतोय, आणि लेथचा चिप ट्रे (कातलेला कीस पडतो ते ताट) मध्ये येत असल्यामुळे जॉब हातभर लांब धरून चकाकडे नेतोय. २० किलो पोटाजवळ वेगळे आणि हातभर लांब वेगळे, हे मशीनवाल्याला शिकवायला नको. त्यांनी "वाकू नका" म्हटलं नाही. एक केरसुणीचा दांडा पाठीला उभा धरायला लावला. डोकं, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला ठेवून खुब्यातून वाकायचं. दांडा सुटला की थांब. आधी रिकामा क्रेट, मग त्यात दोन छोटे जॉब, मग आणखी. कमी-जास्त करायचा नियम असा की दुखणं दहापैकी चारच्या खाली राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ पातळीवर आलं, तर पुढच्या आठवड्यात वजन वाढवायचं, नाहीतर आहे तिथंच. पाठ वाकलीच तर मोडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दांडा शिकण्यापुरता. आणि पॅलेटखाली मी अँगलचा एक स्टँड वेल्ड करून घेतला, त्यामुळे जमिनीवरून उचलायचे निम्मे जॉब आता गुडघ्याच्या उंचीवरून येतात. हा उपाय कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही.

चालणं वेगळं. रंकाळ्यावर संध्याकाळी, चौपाटीपासून शालिनी पॅलेसच्या बाजूला जाऊन परत. मला ते बिनकामाचं वाटायचं. पण ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना फिजिओच्या सल्ल्यानं हळूहळू चालणं वाढवायला लावलं. चालणाऱ्यांतल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांत आलं. वर खर्च शून्य. भेळेचा धरला तर थोडा.

पट्ट्याचं काय? एकदम काढला नाही. आधी घरात काढला, मग सकाळच्या निम्म्या कामापुरता, मग फक्त टेम्पो उतरवताना. आता तो कपाटावर पडून आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं, व्यायाम आणि मनावर काम करणारे उपचार यांना जागा आहे, कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणं देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. मी ज्या दोन गोष्टींचे पैसे आगाऊ भरले होते, नेमक्या त्याच. हे वाचून डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू.

मध्ये एकदा परत धरलीही. मार्च एंडची ऑर्डर, रात्रीपर्यंत काम, त्यात शिरोलीला बाइकवरून चकरा. एका सकाळी अंथरुणातून कुशीवर वळता येईना. आधीचा मी असतो तर आठवडाभर झोपून काढला असता. पण मॅडमनी अशा दिवसासाठी आधीच एक कागद लिहून दिला होता, मराठीत, त्यांच्याच अक्षरात. तो शॉपमध्ये टूल रॅकला चिकटवलाय, कडेला ग्रीसचे अंगठे उमटलेत. त्यावर चारच ओळी आहेत. घाबरू नका, हे अपेक्षित आहे. वजन निम्मं करा, बंद करू नका. दर अर्ध्या तासानं चार पावलं चाला. पायात ताकद कमी वाटली तर लगेच फोन. मी शॉपमध्ये गेलो, जॉब पोरांनी धरले, मी मोजमापाची कामं केली. आठवड्याच्या आत गाडी रुळावर आली.

आता तक्रारी. पहिले दीड-दोन महिने दुखण्यात काडीचा फरक पडत नाही, उलट मांड्या आणि पोट दुखतं ते वेगळंच. हे आधी ठळक सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं होतं म्हणतात, पण माझ्या कानावर आलं नाही. दुसरं, कंटाळा. हात-पाय उचलून दहा सेकंद मोजण्याइतकं रटाळ काम मी आयटीआयमध्ये फायलिंग करतानाही केलं नव्हतं. तिसरं, वेळ. सकाळचे नंबर शिफ्टच्या वेळेला आणि संध्याकाळचे आठवडाभर फुल्ल. चौथं, व्हिडिओचं ॲप इंग्रजीत, पोरगं शेजारी बसून भाषांतर करतं. पैशांचं म्हणाल तर एका भेटीचे पाचशे. आधी आठवड्याला जावं लागतं, मग पंधरवड्याला, आता महिन्यातून एकदा. सगळं धरून पॅकेजपेक्षा कमीच गेले, पण विमा यातलं काही देत नाही.

कुणासाठी चांगलं? ज्याला कुणीतरी झोपवून बरं करावं असं वाटतं, त्यानं जाऊ नये, दोघांचाही वेळ जाईल. फिजिओ निवडताना पहिल्याच भेटीत तुमचं काम काय, हे विचारतात का तेवढं बघा. त्याआधी पॅकेजचं पत्रक पुढं आलं तर उठून या.

जॉबचं उद्दिष्ट पुरं झालं. पंगतीचं राहिलंय. मांडी घालून वीसेक मिनिटं झाली की खुबे आखडतात आणि उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. मॅडम म्हणतात, खुब्यांचा व्यायाम वाढवू आणि तोवर बुडाखाली उशी घेऊन बसा. उशी काखोटीला मारून म्हाईच्या पंगतीत जायला मी तयार नाही, आणि यावर आमची अजून वादावादी चालू आहे.