खोलीवार आवरायचं की वस्तूवार?

दिवाळीआधी घर उपसायला काढलं की पुण्यात दोन गोष्टी हमखास आडव्या येतात: मुलांची सहामाही आणि लांबलेला पाऊस. हाताशी उरतात मोजके कोरडे शनिवार-रविवार. त्यात खोलीवार जायचं की वस्तूवार, हे आधीच ठरवावं. मध्येच पद्धत बदलली तर दोन्हीकडचा पसारा एकदम अंगावर येतो.

खोलीवारचा हिशेब सरळ. एक खोली धरायची आणि वरून खाली यायचं: माळा, पंखा, ट्यूब, खिडकीची जाळी, पडदे, सगळ्यात शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर उशीची जुनी खोळ चढवून ओढून घेतली की धूळ खोळीतच राहते, गादीवर सांडत नाही. संध्याकाळी ती खोली लख्ख आणि झोपायला पलंग मोकळा. निव्वळ धूळ काढायची असेल तर याला तोड नाही.

गोची होते ती ‘हे इथलं नाही’ या पिशवीची. मुलांच्या खोलीत सापडलेली वायर हॉलमध्ये पाठवायची, हॉलमधली कंपासपेटी मुलांच्या खोलीत. आणि ती खोली तर काल आवरून झाली! घरात तीन कंपासपेट्या असतात. एकीत कर्कटक नाही, दुसरीत कोनमापक नाही, तिसरीत नुसतं पेन्सिलीचं टरफल. त्या तिन्ही कधी एकत्र येतच नाहीत, म्हणून जूनमध्ये चौथी विकत आणली जाते. दर खोलीमागे अशी एक पिशवी उरते आणि शेवटच्या दिवशी दमलेला माणूस सगळ्यांच्या गाठी मारून त्या माळ्यावर ढकलतो. माझ्यापुरता निकाल या पिशवीनेच लावला.

वस्तूवारमध्ये घरभरातली एकाच जातीची वस्तू एका पलंगावर येते. सुरुवात कपड्यांपासून करावी, कारण तिथे फार वाद होत नाहीत. शर्ट घालून मुलाला दोन्ही हात वर करायला सांगा. पोट उघडं पडलं तर तो शर्ट गेला. पँट उभं राहून नाही, खुर्चीत बसवून बघा. गणवेशाच्या पँटला आत दुमड असेल तर शिवण सोडून एक वर्ष निघतं, पण जुन्या दुमडीची रेघ राहते, हे मुलाला आधी सांगून ठेवा. धाकट्यासाठी ठेवायचे कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा. खळ अजिबात नको, खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि पावसाळाभरात पिवळे डाग पडतात, म्हणून बोचकं जुन्या सुती चादरीत बांधा. वर चिठ्ठी लावा: ‘सहावीचे, ऑक्टोबर’. डांबराच्या गोळ्या लहान मूल असलेल्या घरात टाळाव्यात; ते पेपरमिंट समजून तोंडात घालतं. बाकीचे धडके कपडे बोहारणीला. फाटके ती घेत नाही, त्यांची फडकी करा.

मग कागद. 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षांत बालभारतीची दुसरी ते आठवीची पुस्तकं वहीची कोरी पानं घालून चार-चार भागांत आली होती. त्यांत थोरल्याने लिहून ठेवलेलं असतं, तेव्हा ती धाकट्याच्या कामाची नाहीत, सरळ रद्दीत. गाइडं आणि संदर्भपुस्तकं मात्र रद्दीच्या भावात घालवू नयेत, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणाऱ्यांना आधी दाखवावीत. वह्यांची उरलेली कोरी पानं फाडून दोरा ओवला की कच्च्या कामाची वही होते. रद्दीवाला येण्याआधी स्पायरल आणि प्लॅस्टिकची कव्हरं काढून ठेवावीत. लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखला आणि मूळ गुणपत्रिका पहिल्याच तासाला वेगळ्या फाइलीत घालाव्यात, नाहीतर त्या रद्दीबरोबर तोलल्या जातात.

खेळण्यांचं थोडक्यात: आधी सेल काढा. पांढरी पूड सुटलेला सेल उघड्या हाताने धरू नका. बटणासारखे चपटे सेल चिकटपट्टीत गुंडाळून लगेच उंच ठेवा, पोटात गेले तर ते फार घातक.

वस्तूवारची खोड कबूल करायला हवी. रात्री नऊला पलंगावर ढीग असतो आणि मुलांना झोप अनावर झालेली असते. ढीग दोन तासांत उठेल एवढाच काढला तर हे टळतं: आज फक्त मुलांचे कपडे, मोठ्यांचे पुढच्या रविवारी. दुसरी खोड अशी की थोरला सगळंच टाकायला निघतो आणि धाकटा टाकलेल्या ढिगातून एकेक वस्तू परत उचलून आणतो. त्यासाठी द्यायच्या वस्तू आरपार न दिसणाऱ्या गोणीत भरून तोंड शिवून टाकावं आणि गोणी त्याच संध्याकाळी घराबाहेर काढावी. मोठ्या जुन्या वस्तूंसाठी ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांकडे आधी विचारून ठेवलेलं बरं.

घरात दहावीचं मूल असेल किंवा हाताशी एकच दिवस असेल, तर खोलीवारच ठीक. त्याची खोली तेवढी सोडून द्यावी. एरवी ढीग आधी, पंखे नंतर. उलट केलंत तर कपडे झटकताना उडालेली धूळ पुसलेल्या पात्यांवर जाऊन बसते आणि शिडी दुसऱ्यांदा आणावी लागते.