एका गल्लीचं विमान, बॉस्टन आणि मागं राहिलेली बॅग: वर्ष-दीड वर्षाचा अनुभव

विमान कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण मिटलंय आणि अर्धेमुर्धे का होईना, पैसेही आलेत. पण जानेवारीत बॉस्टनला उतरल्यावर सामानाचा पट्टा रिकामा फिरून थांबला आणि माझी मोठी बॅग काही आली नाही. ती हरवली नव्हती, कुणी चोरली नव्हती. तिला मुद्दाम मागं ठेवलं होतं. का, ते शोधत बसलो आणि त्यातूनच हा लांबलचक मजकूर झालाय.

आमचं कुपवाड एमआयडीसीत ओतकामाचं छोटं युनिट आहे, पंपाचे भाग करतो. बॉस्टनच्या बाजूला एक गिऱ्हाईक लागलंय, त्यामुळं माझी ये-जा सुरू झाली. सांगलीतनं महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, मुंबईतनं मोठ्या विमानानं युरोप आणि तिथनं पुढं अटलांटिक ओलांडायला एअरबस ए३२१एलआर (एलआर म्हणजे लाँग रेंज, लांब पल्ल्याचं). म्हणजे इंडिगोनं मुंबई-दिल्ली करताना आपण बसतो त्याच जातीचं. मधे एक गल्ली, दोन्हीकडं तीन-तीन खुर्च्या. पुतण्यानं तिकीट काढताना सांगितलं, काका, मोठ्या विमानापेक्षा पंधरा-वीस हजारानं स्वस्त पडतंय. मग पुढं काय विचारायचंच नव्हतं.

घरी मात्र कुरकुर झाली. एवढ्याशा विमानानं समुद्र ओलांडायचा? तेव्हा आमचे थोरले भागीदार अण्णा (वय ७८, विमानात आजवर दोनदाच बसलेले) म्हणाले, "अरे, १९६० ला एअर इंडिया न्यूयॉर्कला जायला लागली ती बोइंग ७०७ नं. त्याला कुठं दोन गल्ल्या होत्या?" बरोबर आहे. त्याच्याही दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, पॅन ॲमनं न्यूयॉर्क-पॅरिस ७०७ नं सुरू केलं, तेही वाटेत कॅनडातल्या गँडरला तेल भरून. दोन गल्ल्यांची सवय लावली ती १९७० नंतर जंबोनं, म्हणजे बोइंग ७४७ नं. मधल्या काळात एका गल्लीचं बोइंग ७५७ हे काम करत होतं, पण त्याचं उत्पादन २००४ ला बंद पडलं. ती जागा भरायला २०१८ च्या शेवटी हे एलआर आलं आणि २०२४ मध्ये त्याचा थोरला भाऊ एक्सएलआर. आयबेरियानं पहिलं एक्सएलआर घेऊन त्याच नोव्हेंबरात माद्रिद-बॉस्टन सुरू केलं. जेटब्लू तर २०२१ पासून न्यूयॉर्क-लंडन एलआरनंच करतंय. हे वाचून घरचे गप्प झाले, मी बॅग भरली.

खुर्चीचं आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. या जातीच्या विमानात साध्या वर्गाची खुर्ची १८ इंचांपर्यंत रुंद असते. ज्या दोन गल्ल्यांच्या बोइंग ७८७ चं एवढं कौतुक चालतं, त्यात एका ओळीत नऊ माणसं बसवल्यावर सतरा-सव्वासतरा इंच उरतात. माझ्यासारख्या अंगानं भरलेल्या माणसाला हा अर्धा-पाऊण इंच सात-आठ तास जाणवतो. ७८७ चा फायदा वेगळा आहे. त्याच्या आतली हवा सहा हजार फुटांवर असावी तशी ठेवतात, इथं ती आठ हजारांपर्यंत जाते. उतरल्यावर डोकं जड होतं, घसा कोरडा पडतो. पाणी मागून मागून प्यायचं, आणि मग संडासच्या रांगेत उभं राहायचं. तेवढ्यात जेवणाची ट्रॉली गल्लीत आली की पुढंही जाता येत नाही, मागंही नाही. यावर लोक पानंच्या पानं लिहितात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही, महालक्ष्मीच्या स्लीपरमध्ये यापेक्षा जास्त वेळ उभा राहिलोय. शाकाहारी जेवण मात्र आधी नोंदवा. किचन लहान, जादा ताटं नसतात.

खरी मजा उतरल्यावर. माणसंच दीडशे-पावणेदोनशे, त्यामुळं आमचं विमान एकटंच आलेलं असलं की इमिग्रेशनची रांग बघता बघता सरते. मोठ्या विमानातून तीनशे माणसं एकदम उतरतात तेव्हा काय होतं ते मी मुंबईत बघितलंय. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर मी गावभर सांगत सुटलो होतो की हेच विमान घ्या.

आणि मग जानेवारी आला.

त्या खेपेला बॅगेत पंपाच्या बॉडीची दोन सॅम्पल होती. कास्टिंगच ती, कागदात गुंडाळून, वर बायकोनं भडंगाचे डबे दाबून बसवलेले. वजन कंपनीच्या मर्यादेच्या आत, काट्यावर दाखवून घेतलेलं. बॉस्टनला पट्ट्याजवळ एका बाईनं कागद हातात घेऊन नावं वाचायला सुरुवात केली. आमच्यासारखे बरेच होते. ती म्हणाली, वजनाच्या मर्यादेमुळं काही बॅगा उद्याच्या विमानानं येतील. मी विचारलं, माझी बॅग जास्त भरली का? ती म्हणाली, तुमची नाही, विमानाचं वजन.

आता वजनाची भाषा मला कळते. हॉटेलवर झोप येत नव्हती, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. एलआरला उडताना जास्तीत जास्त ९७ टन वजन चालतं. ७८७-९ ला साधारण २५४ टन. एअरबसच्या माहितीपत्रकात एलआरचा पल्ला ७,४०० किलोमीटर लिहिलाय आणि लंडन किंवा माद्रिदहून बॉस्टन सव्वापाच ते साडेपाच हजार. मग दोन हजारांची शिल्लक दिसते ना? पण तो पल्ला वारा नसलेल्या हवेतला. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर पश्चिमेकडून वाहणारा जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) जोरात असतो, कधी कधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर. वाटा रोज वारा बघून आखतात, तरी सगळा चुकवता येत नाही. समजा विमानाचा वेग ताशी ८३० आणि समोरून सरासरी दीडशेचा वारा. जमिनीवरचा वेग उरला ६८०. ५,४०० किलोमीटरला आठ तास लागले, आणि तेवढ्या वेळात विमान हवेतून ६,६०० किलोमीटर उडालं. बाराशे किलोमीटर नुसते वाऱ्यात गेले. हे सगळं तेलानंच भरून काढायचं.

तेल वाढलं की ९७ टनांत दुसरं काहीतरी कमी करावं लागतं. माणसाला उतरवलं तर भरपाई, हॉटेल, बोंबाबोंब. बॅग बोलत नाही. त्यात लांब पल्ल्यासाठी या विमानात जादा टाक्या बसवतात, तीनपर्यंत, आणि त्या बसतात कुठं, तर सामानाच्या पोटातच. म्हणजे जागाही त्यांनी खाल्ली आणि वजनही. २५४ टनांच्या विमानाला असला वारा फारसा जाणवत नाही. उलट त्याच्या पोटात व्यापारी मालसुद्धा जातो, आणि बिकट वेळ आलीच तर आधी तो मागं राहतो. आमच्या विमानात मागं ठेवायला आमच्या बॅगांशिवाय होतं तरी काय?

फोनवर अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या दोन कास्टिंगनं विमान पडणार होतं का रे?" पडणार नव्हतं, पण हिशोब काटेकोर असतो आणि तो आमच्या बाजूनं नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर ड्रॉइंग, मोजमापाचे रिपोर्ट आणि फोटो घेऊन बसलो. तो माणूस भला, पण रिकाम्या हातांकडं बघितलंच त्यानं. संध्याकाळी बॅग हॉटेलवर आली. भडंग चुरा झालेलं, सॅम्पल जसंच्या तसं. परत एकदा टॅक्सी करून ते नेऊन दिलं.

आता भांडणाचं, कारण ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. विमानतळावरून निघायच्या आधी पीआयआरचा (सामान न आल्याच्या नोंदीचा) फॉर्म भरून घ्या, नंबर घ्या. तो नसेल तर पुढं कोणी दाद देत नाही. उशिरा आलेल्या सामानासाठी माँट्रियल करार (विमान प्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो, भारतही त्यात २००९ पासून आहे. बॅग हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे. फुटतूट असेल तर ७ दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या डिसेंबरअखेर १,२८८ वरून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) झाली, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. ही कमाल आहे. तेवढे मिळतातच असं नाही, जेवढं सिद्ध कराल तेवढंच.

मी कडाक्याच्या थंडीत घेतलेलं जाकीट, दोन शर्ट, मोजे आणि टॅक्सीची पावती लावली. आधी चॅटवर एक मुलगा "तुमची गैरसोय आम्ही समजतो" एवढंच पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. मग पुढच्या तिकिटावर सवलतीचं कूपन देऊ केलं. कूपन घेतलं नाही. करारातली कलमं लिहून मेल टाकला, उत्तर नाही, पुन्हा टाकला. शेवटी कपड्यांचे पैसे आले, टॅक्सीचे नाहीत. जाकीट तुमच्याकडं राहिलं म्हणून त्याचे अर्धेच, असंही एका मेलात होतं. मी विचारलं, सांगलीत ते घालू कधी? उत्तर आलं नाही, पण पैसे पूर्ण आले.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, राग ताजा होता. मधे मे महिन्यात परत जाऊन आलो. तेच विमान, तोच मार्ग. या वेळी बॅगेत ती कुठं आहे ते फोनवर दाखवणारा टॅग टाकला होता (तीन हजार गेले, बायको हसली). विमान सुटायच्या आधीच फोनवर बॅग आमच्याबरोबर दिसली आणि बॉस्टनला ती पहिल्या काहींमध्ये आली. विमान भरलेलं, एक खुर्ची रिकामी नाही. उन्हाळ्यात वारा मंदावतो, ९७ टनांत सगळं बसतं. येताना तर प्रश्नच नसतो, वारा पाठीमागून. आठवून बघितलं तर परतीला बॅग कधीच राहिलेली नाही. त्यामुळं सरसकट वाईट म्हणणं आता पटत नाही. हे विमान हंगामी गणिताचं आहे: एप्रिल ते ऑक्टोबर मला कुठल्याही दिवशी चालेल, डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेला जाताना नाही.

एक्सएलआरनं हे सुटेल का? त्याला १०१ टन परवानगी आहे, पल्ला ८,७०० किलोमीटर, आणि सुट्या टाक्यांऐवजी मागच्या भागात १२,९०० लिटरची एकच कायमची टाकी. कमी जागेत जास्त तेल. म्हणजे बॉस्टनपुरतं बरंच सुटेल. पण मला कंपन्यांची खोड माहीत आहे. जास्त पल्ला मिळाला की त्या अजून लांबचं गाव शोधतात आणि गणित परत काठावर येतं.

इंजिनाबद्दल एक, कारण धातूचा विषय निघाला की मला राहवत नाही. याच जातीच्या विमानांना दोन कंपन्यांची इंजिनं मिळतात. त्यातल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात २०२३ मध्ये दोष निघाला: टर्बाइनच्या डिस्कसाठी वापरलेल्या धातूच्या पावडरीत अशुद्धी होती, २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंतच्या मालात. जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी जमिनीवर आली. आमच्याकडं भट्टीत वाळूचा एक कण गेला तर गिऱ्हाईक सगळा लॉट परत पाठवतं, इथं तर डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेते. तिकीट काढताना इंजिन कुठलं हे कोणी सांगत नाही, मी मात्र आता विचारतो. पुतण्या कंटाळलाय.

ऑक्टोबरचं तिकीट काढलंय, याच विमानाचं. जानेवारीला परत जायचंय, त्याचं मोठ्या विमानाचं बघतोय, पण फरक आता बावीस हजारांवर गेलाय. अण्णांचं म्हणणं, सॅम्पल आठवडाभर आधी कुरिअरनं पाठव आणि तू स्वस्तातच जा. कुरिअरचा दर मागवलाय, अजून आलेला नाही.